सदाशिवरावांचा दुसरा कप

अनुदानाच्या अर्जात मी एक खोटा रुग्ण घातला. आळशीपणातून. दुसरं काही कारण नाही.

येरवड्यात पिठाच्या गिरणीवरच्या दोन खोल्यांत आमचं मानसिक आरोग्य केंद्र आहे. ते एका धर्मादाय ट्रस्टच्या अनुदानावर चालतं आणि अर्ज-अहवाल लिहिणं हे माझं काम. ट्रस्टला दर वर्षी एका लाभार्थीची गोष्ट लागते, नाव बदलून. खऱ्या गोष्टी कमलताईंच्या वहीत होत्या. कमलताई आमच्या वस्तीतल्या कार्यकर्त्या, घरोघरी जाऊन माणसांशी बोलणाऱ्या. त्यांची वही मागा, मग ज्याची गोष्ट त्याची परवानगी आणायला उन्हात वस्ती चढा. त्यापेक्षा मी पंख्याखाली बसून 'सदाशिवराव' तयार केले.

अर्ज वाचून डॉ. बर्वेबाईंनी मला आत बोलावलं. त्या आमच्या मानसोपचारतज्ज्ञ. मला वाटलं, शुद्धलेखनावरून बोलणार.

"हे सदाशिवराव राहतात कुठे?"

"नाव बदललंय, मॅडम."

"ते खाली लिहिलंय तुम्ही. मी पत्ता विचारतेय."

"हडपसर," मी म्हणालो. हडपसरला मी राहतो.

त्या मोठ्याने वाचू लागल्या. वय अठ्ठावन्न. पत्नी लेकीच्या बाळंतपणासाठी नाशिकला. रोज संध्याकाळी सातच्या सुमारास स्वयंपाकघरातून वडिलांचा खोकला ऐकू येतो. वडील जाऊन अकरा वर्षं झाली. रुग्ण दोन कप चहा करतो. दुसरा कप ओट्यावर ठेवतो. थोड्या वेळाने तो कप रिकामा असतो.

"हे सुचलं कुठून?"

"त्यात सुचायचं काय? एवढं तर सगळ्यांनाच..."

तेवढ्यात खालची गिरणी बंद पडली. एकदम शांत व्हायला हवं होतं. पण माझ्या पाठीमागे, बंद दाराच्या आतल्या बाजूला, बाबा खोकले. डॉक्टरांनी मानही वर केली नाही. हा खोकला फक्त मला ऐकू येतो, हे मला तेव्हा कळलं. लक्षणं कशी ओळखावीत याचं पत्रक मीच लिहिलं होतं. ते त्यांच्या टेबलावरच पडलेलं होतं.

अर्जातला शेवटचा प्रश्न असा होता : 'प्रकल्प नसता तर या व्यक्तीचे काय झाले असते?' डॉक्टरांनी कागद माझ्याकडे वळवला. खाली तीन ओळी होत्या. 'मंगळवारी सकाळी त्यांनी घराला कुलूप लावले. किल्ली शेजारी दिली. मागे कोणाला दार फोडायला लागू नये म्हणून.'

भाषा माझी होती. लिहिल्याचं मात्र मला अजिबात आठवत नव्हतं.

"तुमच्या घराची किल्ली कुठे आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

मी खिसे चाचपले. "शेजारी. कुलकर्णीवहिनींकडे."

"कधी दिलीत?"

"सकाळी निघताना."

"आज वार कोणता?"

मी वर पाहिलं. भिंतीवर कॅलेंडर होतं. मंगळवार.

यानंतर मला एक मिनिटही एकटं सोडलं नाही. कमलताई रिक्षात शेजारी बसल्या, माझ्या शर्टाची बाही मुठीत धरून. हॉस्पिटलात सिस्टरनी फॉर्म भरताना नातं विचारलं. "आमच्या ऑफिसातले," ताई म्हणाल्या. "आजपासून माझी केस."

आजाराचं नाव सायकोटिक डिप्रेशन. म्हणजे नैराश्य इतकं खोल जातं, की नसलेलं ऐकू येतं आणि ते खरंच वाटतं. मी रडत नव्हतो, ऑफिसला वेळेवर जात होतो, विनोदही करत होतो. त्यामुळे कोणाला शंका आली नाही. मलाही नाही.

दोन दिवस तपासण्यांत गेले. मेंदूचा एमआरआय झाला, गाठ वगैरे नाही ना हे पाहायला. त्या नळकांड्यात ठोकाठोकीसारखा आवाज येतो, आणि मधल्या शांततेत बाबा खोकत होते. मी बाकड्यावर रिपोर्टची वाट बघत बसायचो. शेजारची जागा कोणीही बसलेलं नसलं तरी मला भरलेली वाटायची. मी थोडा सरकूनच बसायचो.

मग एचबीएवनसीचा रिपोर्ट आला. ही तपासणी मागच्या तीनेक महिन्यांतली सरासरी साखर सांगते. ती भलतीच वाढली होती.

"मी तर बिनसाखरेचा चहा पितो," मी म्हणालो.

"आणि वडील?"

"तीन चमचे."

डॉक्टरांनी रिपोर्ट माझ्यापुढे सरकवला. "मग आता सांगा, दुसरा कप कोण पीत होतं?"

मला आजही तो प्यायल्याचं आठवत नाही. रक्तात मात्र तो सापडला.

अकरा दिवस मी दाखल होतो. बायको नाशिकहून आली, माझ्यावर चिडली, मग उशाशी बसून राहिली. गोळ्या दोन प्रकारच्या, एक नैराश्यावरची आणि एक अँटिसायकोटिक, म्हणजे भास कमी करणारी. त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. तोवर 'गुण नाही' म्हणून बंद करू नका, मी दोनदा करणार होतो. खोकला एकदम थांबला नाही. आधी स्वयंपाकघरातून बाल्कनीत गेला, मग जिन्यात, मग खालच्या मजल्यावर. कोणीतरी एकेक सामान उचलत घर सोडावं तसा. एका संध्याकाळी सात वाजून गेले आणि काहीच ऐकू आलं नाही. त्या दिवशी मी पहिल्यांदा रडलो.

तुमच्या घरी कोणी फार व्यवस्थित वागायला लागलं, किल्ल्या, कागद, निरोप सगळं जागच्या जागी लावायला लागलं, तर कौतुक करत बसू नका. सरळ विचारा, आणि त्यांना एकटं सोडू नका. आणि तुम्हालाच काही ऐकू येत असेल, तर ते सगळ्यांना येतं असं माझ्यासारखं गृहीत धरू नका. एका माणसाला विचारून बघा.

एक गोष्ट लिहायला लाज वाटते. ट्रस्टने काटछाट सुचवली होती, तेव्हा त्याच अर्जाच्या पहिल्या मसुद्यात मी कमलताईंच्या घरभेटींवरच काट मारली होती. 'फारसा दृश्य परिणाम नाही,' असा शेरा मारून. घरी आल्यापासून पाच महिने, दर बुधवारी, त्या भेटींपैकीच एक माझ्या दाराची बेल वाजवत होती. ताई यायच्या, ओट्यावरचे कप मोजायच्या, मग बसायच्या.

यंदाचा अर्ज पुन्हा मीच लिहिला. घरभेटी पहिल्या पानावर घेतल्या. गोष्ट माझीच, खऱ्या नावाने, आणि परवानगीच्या कागदावर सहीही माझी. अनुदान मंजूर झालं. पत्र आलं तेव्हा भरून आलं आणि मी ताईंना म्हणालो, "तुमचे उपकार कसे फेडू, कळत नाही."

ताईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"उपकाराचं राहू द्या, सर. एक खोटा माणूस बनवायचा होता तुम्हाला, तोही स्वतःपेक्षा वेगळा जमला नाही. आणि म्हणे तुम्हाला लिहायला ठेवलंय!"