फेसाची हौस

त्या पार्लरमध्ये दोन खुर्च्या, एक आरसा आणि मान मागे टेकून केस धुवायचं बेसिन, एवढाच पसारा. बायका यायच्या त्या बेसिनसाठी. पार्लर चालवणारी घरातली थोरली सून, म्हणून गिऱ्हाइकंसुद्धा तिला थोरलीच म्हणत. तिच्या हाताखाली असा फेस यायचा की बेसिनमधलं डोकं दिसेनासं व्हायचं.

"थोरले, एक दिवस मी ह्यात बुडणार," समोरच्या दुकानातली शिवणवाली डोळे मिटून म्हणायची.

"आधी माझे पडदे शिवून दे, मग खुशाल बूड."

ह्या फेसाचं गुपित बेसिनखालच्या कपाटात, एका पांढऱ्या कॅनमध्ये होतं. माल देणाऱ्याने तो ठेवतानाच बजावलं होतं, "बाई, हा शाम्पू नाही, शाम्पूतलं नुसतं साबणद्रव्य आहे. कारखान्यात ह्यात भरपूर पाणी आणि केस मऊ राखणारं बरंच काही घालतात. असंच वापराल तर केसांतलं होतं नव्हतं तेल धुऊन निघेल."

"माझे केस उन्हाने पांढरे झालेले नाहीत," थोरली म्हणाली होती.

कुठलाही शाम्पू कमी फेसाळला की ती त्यात ह्या कॅनमधला एक झोत सोडायची. मिश्रण पातळ वाटलं तर चिमूटभर मीठ. मिठाने ते मधासारखं घट्ट व्हायचं, आणि घट्ट म्हणजे भारी, अशी गिऱ्हाइकांची समजूत. तक्रार एकीचीही नव्हती. कुणाचे केस राठ झाले की थोरली सांगायची, "पाणी जड आहे हो इकडचं."

तिची धाकटी जाऊ मोठ्या दुखण्यातून उठली होती. औषधांनी तिचे सगळे केस गेले होते. ते पुन्हा उगवले, कापसासारखे मऊ. डॉक्टरांनी एक सौम्य शाम्पू लिहून दिला. धाकटीने तो आणून थोरलीच्या हातात ठेवला.

"ताई, धुवायचे तर तुमच्याच हातून."

पहिल्या धुण्याला फेस आलाच नाही. थोरलीने बोटं फिरवून पाहिली, पाणी वाढवून पाहिलं. शेजारच्या खुर्चीतून शिवणवाली म्हणाली, "काय थोरले, आज हात उतरला वाटतं."

सगळ्या हसल्या. धाकटीही हसली. थोरलीला मात्र ते लागलं. धाकटी गेल्यावर तिने त्या सौम्य शाम्पूच्या बाटलीतच कॅनमधला झोत सोडला, चिमूटभर मीठ टाकलं आणि बाटली हलवली. पुढच्या खेपेला बेसिन फेसाने काठोकाठ भरलं. त्यानंतरच्या सगळ्या खेपांनाही.

मग एका दुपारी पार्लर रिकामं असताना धाकटी आली. तिने दार लोटून घेतलं आणि डोक्याचा रुमाल सोडला. कानांमागचे केस तुटून गेले होते. टाळू लाल झाली होती, पापुद्रे सुटले होते.

"ताई, ते परत आलंय."

"काय परत आलंय?"

"दुखणं. दुसरं काय? ह्यांना अजून बोलले नाहीये. उद्या तपासणीला जायचंय. तुम्ही याल ना बरोबर? एकटीने निकाल ऐकायचा धीर नाही मला."

थोरलीचं लक्ष स्वतःच्या हातांकडे गेलं. बोटांची टोकं चिरली होती, कॅन आला तेव्हापासूनच. तिने त्यांना तेल चोळलं होतं आणि विचार करायचं टाळलं होतं.

"पाण्याने झालं असेल गं," ती म्हणाली. ते वाक्य जिभेवर तयारच होतं.

"पाणी काय आज बदललं? माझी समजूत काढू नका, ताई. मी काय लहान आहे?"

धाकटी रुमाल पुन्हा बांधू लागली. गाठ बसेना. ते थोरलीला पाहवलं नाही. तिने खाली वाकून कॅन बाहेर ओढला आणि सगळं सांगितलं: झोत, मीठ, शिवणवालीचा तो टोमणा. मान वर करायची तिची हिंमत झाली नाही.

"म्हणजे," धाकटी सावकाश म्हणाली, "दुखणं नाही?"

"तपासणी करून घे, मी येते. पण केसांचं हे माझ्यामुळे झालंय."

धाकटी मटकन खुर्चीत बसली आणि रडता रडता हसू लागली. "बरं झालं हो, ताई. बरं झालं सांगितलंत." तिने थोरलीचे हात घट्ट धरले. थोरलीने शिव्याशापांची तयारी ठेवली होती. ह्या आभारांची नव्हती. ते चिरलेले हात सोडवून घ्यावेत आणि कुठेतरी तोंड लपवावं, असं तिला झालं.

ती गेल्यावर थोरलीने कॅन बेसिनमध्ये रिकामा केला आणि वर नळ सोडला. थोड्याच वेळात रस्त्याकडच्या गटारातून फेस वर आला. पांढराशुभ्र, ढीगच्या ढीग.

"थोरले, आज गटाराचे केस धुतेस काय?" समोरून शिवणवाली ओरडली.

थोरलीला हसू आलं नाही. तिने शिवणवालीच्या केसांकडे पाहिलं, ते काथ्यासारखे झाले होते. फेसाच्या कडेने रस्ता ओलांडून ती तिच्या मशीनसमोर उभी राहिली. "जरा मशीन थांबव. तुला काही सांगायचंय."

तपासणीत काही निघालं नाही. टाळू बरी होईपर्यंत धाकटीचे केस घरीच धुतले गेले. नंतर ती पार्लरमध्ये आली, हातात नवी बाटली. थोरलीने सवयीने हात पुढे केला.

"राहू द्या ताई, मी धरते," धाकटी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. बेसिनवर मान टेकवून तिने बाटली मांडीवर दोन्ही हातांनी धरली.

थोरलीने ओंजळ पुढे केली. धाकटीने पडल्या पडल्या बाटली तिरकी केली आणि अंदाजाने त्या ओंजळीत थोडासा शाम्पू ओतला. मग झाकण लावून पुन्हा घट्ट धरली.

फेस जवळजवळ आलाच नाही. थोरली त्या मऊ केसांतून हळूहळू बोटं फिरवत राहिली.