चिलीहून आलेली पकड
सुपरमार्केटातल्या मासळीच्या बर्फाचा खारट वास आला की मला एक काचेचं भांडं आठवतं. इथं परदेशात आमच्या मराठी साहेबांना बढती मिळाली, म्हणून त्यांनी ऑफिसातल्या सगळ्यांना सहकुटुंब एका हॉटेलात दुपारचं जेवण दिलं होतं. पुण्याहून आलेल्या, जन्मभर शाकाहारी असलेल्या आईलाही मी नेलं. आधी साहेबांचं भाषण झालं. ते संपेपर्यंत सरबतातला बर्फ वितळला. मग शेफनं काचेच्या भांड्यात गार खाऱ्या पाण्यात ठेवलेला जिवंत सी अर्चिन, म्हणजे कच्चाच खातात तो समुद्री जीव, आणला. हिरवट, मुठीएवढा, अंगभर काटे. "थेट चिलीच्या थंड समुद्रातून, विमानानं," साहेब तिकीट स्वतः काढून दिल्यासारखे म्हणाले. शेफनं तो कापायला कात्री उचलली, तेवढ्यात आईनं कुतूहलानं पाण्यात बोट घातलं. काट्यांमधून दोऱ्यासारखे बारीक पाय बाहेर आले आणि एकेक करून तिच्या बोटाला चिकटले. "काकू, सोडा त्याला, शेफ थांबलाय," साहेब म्हणाले. "मी कुठं धरलंय? त्यानं धरलंय," आई हळूच म्हणाली. सगळे वाकून बघत राहिले, साहेबसुद्धा. ना डोळे, ना मेंदू, आणि अर्धी पृथ्वी ओलांडून आलेला तो जीव सदाशिव पेठेतलं एक बोट घट्ट धरून होता. शेवटी साहेबच शेफला म्हणाले, "आज नको. टाकीत ठेवा परत." संध्याकाळच्या गिऱ्हाइकानं तो खाल्ला असणार, एवढं मलाही कळतं. पण बिशान भागातल्या माझ्या घरी पोचेपर्यंत आईनं ते बोट पुसलं नव्हतं, हेही मी पाहिलंय.