सोयाबीनची ढेप आणि बिनमिठाचं ताक

आमच्या घरी म्हशीला जे घालायचं ते आधी आत्याबाई चाखून बघत. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. सरकी असो, ढेप असो, चिमूटभर तोंडात टाकायच्या, दाढेखाली चावायच्या आणि खवट लागलं की थुंकून पोतं परत पाठवायच्या. मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात हे पाहिलं आणि मला हसू आवरेना. माझं माहेर बीबी गावाकडचं. आमच्याकडंही जनावरं होती, पण त्यांच्या घमेल्यातलं कुणी खात नव्हतं. तसं मी बोलूनही दाखवलं, माझं तोंड पहिल्यापासून असंच. आत्याबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "जे आपल्या तोंडात जात नाही, ते तिच्या तोंडात काऊन घालावं?"

गाव पिंपळगाव राजाच्या पुढं, काळ्या जमिनीचं. सगळं कपाशीवर चालायचं. वेचायची कपाशी, जाळायची तिचीच वाळली पऱ्हाटी आणि जनावरांना सरकी. सरकी रात्री भिजत घालायची, नाहीतर तिचं तेल काढून उरलेली ढेप आणायची. त्या ढेपेला पुण्याकडं पेंड म्हणतात म्हणे. भिजलेल्या ढेपेचा एक जड, तेलकट वास असतो. तो वास म्हणजे मला अजूनही सासरची सकाळ वाटते.

त्या सकाळी आमच्या दारात बायका यायच्या. आत्याबाई एकाआड एक दिवस ताक करायच्या आणि लोणी काढून झालं की सगळ्या गल्लीला ताक वाटायच्या. ताक कधी विकायचं नसतं, ही त्यांची रीत. गल्लीतल्या पोरी, सुना, म्हाताऱ्या गडवे, तपेल्या घेऊन ओसरीवर बसायच्या. कुणाची पोर बाळंतीण आहे, कुणाकडं आज कढी आहे, हे आत्याबाईंना तिथं कळायचं आणि त्याप्रमाणे पळी कमीजास्त व्हायची. एरवी त्या घरात त्यांच्या शब्दाला फार वजन नव्हतं. शेत मामाजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, बाजार मामाजींचा, व्यवहार मामाजींचा. ही म्हैस मात्र आत्याबाईंनी वगार असल्यापासून हातानं वाढवलेली, आणि ताकाची सकाळ ही त्यांची.

मामाजी ताक प्यायचे ते बिनमिठाचं. मी नवी असताना चांगुलपणानं त्यात मीठ टाकलं, तर त्यांनी फुलपात्र तसंच खाली ठेवलं आणि मिठानं ताकाची कशी माती होते यावर मला बरंच ऐकवलं. आत्याबाई नंतर चुलीपाशी म्हणाल्या, की त्यांच्या ताकात मिठाचा खडा पडला की तो दिवस वाया गेला समज. तेव्हापासून मी मिठाची बरणी मामाजींच्या वाऱ्यालाही उभी केली नाही.

त्याच सुमारास आमच्याकडं सोयाबीन नवं नवं आलं. मामाजींना नव्याची भारी हौस. नाल्याकाठच्या तुकड्यात त्यांनी ते पेरलं. गावानं चेष्टा केली. वरण शिजेना, शिजलं तर वास, त्याचं सूतही निघत नाही, मग करायचं काय, असा पारावर रोज एक विषय. मामाजी कुणाला दबले नाहीत. माल काढला, अडत्याला घातला आणि एक पोतं हौसेनं घरी ठेवून घेतलं.

तुळशीचं लग्न झालं आणि आत्याबाई एका लग्नासाठी सुलतानपूरला गेल्या. घरात मी आणि मामाजी. आमचे हे खामगावला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, रविवारचे घरी यायचे. घरातली जुनी सरकी नेमकी संपली होती आणि नवी अजून निघाली नव्हती. मामाजींनी विचार केला, सरकी तेलाची, सोयाबीनही तेलाचं. सरकी भिजवून घालतो, मग हेही भिजवून घालू. कपाशीच्या मुलखातल्या माणसाला ते सुचणारच. मी म्हटलं, आत्याबाई येऊ द्या की. त्यावर ते हसून म्हणाले, तुमच्या बीबीकडं म्हशीला घालायच्या आधी पंचायत बसते काय? आणि फुगून टच्च झालेलं दाण्यांचं घमेलं त्यांनी स्वतः म्हशीपुढं ठेवलं. तिनं ते चाटूनपुसून खाल्लं. मामाजी खूश. दुसऱ्या सकाळी आणखी मोठं घमेलं.

दुपारपर्यंत म्हशीचं पोट डाव्या अंगानं नगाऱ्यासारखं वर आलं. ती बसेना, रवंथ करेना, मान लांब करून नुसती कण्हत होती. मामाजींचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. बांबूच्या नळीनं तेल-हिंग पाजलं, शेजारच्यांना बोलावून तिला अंगणात फिरवलं. दिवस कलला तेव्हा ती एकदाची मोकळी झाली. जीव वाचला, आणि नेमक्या त्याच वेळी आत्याबाई हातात लग्नातल्या लाडवांचं गाठोडं घेऊन दारात उभ्या राहिल्या.

त्या थेट गोठ्यात गेल्या. घमेल्याच्या तळाशी राहिलेला एक दाणा उचलला, चावला आणि थुंकला. मग मामाजींकडं बघून म्हणाल्या, "मले इचाराले दोन दिवस थांबता नाही आलं?"

यानंतर त्या मामाजींशी बोलल्या नाहीत. अबोला माझ्या माहेरीही असायचा, पण हा वेगळा. भाकरी वेळेवर, पाणी वेळेवर, फक्त शब्द नाही. जे असेल ते माझ्यामार्फत. मामाजी हाताच्या अंतरावर बसलेले असायचे आणि आत्याबाई मला म्हणायच्या, तुह्या मामाजीले सांग, कंदिलातलं तेल सरलं. मी मान वळवून सांगायची. मामाजी मला सांगायचे, सांग, आणतो. पहिले काही दिवस मला गंमत वाटली, मग मात्र वैताग आला. माझी निम्मी मान त्या निरोपांत दुखली.

म्हैस वाचली, पण बिघडली. आंबोणाला तोंड लावेना, पान्हा सोडेना. तिच्या वगारीपुरतं दूध कसंबसं निघायचं. ताकाचा डेरा चुलीमागं पालथा पडला. बायका सवयीनं यायच्या, रिकामा गडवा पदराखाली घेऊन परत जायच्या. ती वेळ झाली की आत्याबाई परसात निघून जायच्या आणि उगीच शेण्या इकडच्या तिकडं रचत बसायच्या. त्यांना एवढं लहान झालेलं मला बघवत नव्हतं.

खामगावच्या बाजारातून एके दिवशी मामाजींनी बैलगाडीतून एक पोतं आणलं. सोयाबीनचीच ढेप. नावाला ढेप, बाकी पिवळसर भुगाच. दुकानदारानं त्यांना समजावलं होतं, की कच्चा दाणा असा घमेल्यानं घातला तर बाधतोच. पण भाजून, तेल काढून उरते ती ढेप बाधत नाही, उलट दूध वाढवते. फक्त कुटारात, म्हणजे भुशात, मिसळून, मूठमूठ वाढवत द्यायची. हे सगळं मामाजींनी मला मोठ्यानं सांगितलं, म्हणजे आत सांगितलं. आतून माझ्याचमार्फत उत्तर आलं, की ते पिवळं काही पुन्हा गोठ्यात येणार नाही.

पोतं ओसरीवर राहिलं. मामाजी दुपारचे त्यालाच टेकून बसायचे. एके दिवशी मी दारातून बघते तर त्यांनी पोत्याचं तोंड उसवलेलं, आणि चिमूट चिमूट ढेप काढून ते फुटाणे खावेत तशी खात होते. आत्याबाई समोर तांदूळ निवडत होत्या. मामाजी त्यांच्याकडं बघत नव्हते, पण चावत मात्र त्यांना ऐकू जाईल असे होते. मी पदराचा बोळा तोंडात कोंबून आत पळाले. हसत होते, आणि मला भरूनही आलं होतं. गावात कुणाचं न ऐकणारा तो माणूस बायकोच्या परीक्षेला आपण होऊन बसला होता.

आत्याबाईंनी तांदूळ निवडून सूप आत नेलं. पण दुसऱ्या सकाळी झाडून झाल्यावर त्या पोत्यापाशी थांबल्या. हात घातला, चिमूटभर तोंडात टाकली आणि बराच वेळ चावत राहिल्या. "भाजल्यावानी लागते," त्या मला म्हणाल्या, आणि मूठभर ढेप घेऊन गोठ्याकडं गेल्या.

म्हशीनं आधी तोंड फिरवलं. आत्याबाईंनी तिच्या जिभेवर गूळ चोळला, कुटारात ढेप लपवली, तिच्या गळ्याखाली खाजवत, पोरीशी बोलावं तसं तिच्याशी बोलल्या. तिनं थोडं खाल्लं. दुसऱ्या दिवशी जरा जास्त. मूठ ओंजळ झाली, आणि एका सकाळी मी गोठ्याबाहेर उभी असताना बादलीत धारेचा तो भरल्या दुधाचा आवाज ऐकला. तोवर मला कळलंच नव्हतं, की तो आवाज मी किती दिवस शोधत होते.

ताक झालं. गल्लीत कुणी कुणाला कळवलं नव्हतं, पण रवीचा आवाज ऐकून बायका आल्या. आत्याबाईंनी सगळ्यांचे गडवे भरले. मग एक फुलपात्र भरलं. मी सवयीनं हात पुढं केला, मामाजींकडं मीच नेणार होते. त्यांनी ते माझ्या हाती दिलं नाही. स्वतः ओसरीवर गेल्या, मामाजींसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मीठ टाकू का?"

मामाजींच्या ताकात मीठ पडत नाही हे आत्याबाईंइतकं कुणाला माहीत होतं? पण इतक्या दिवसांनी बोलायला काहीतरी हवं होतं, आणि दुसरं काही त्यांना सुचलं नसावं. मामाजींनी वर पाहिलं. म्हणाले, "हाव. टाका थोडंसं."

आत्याबाई मीठ आणायला आत आल्या तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. मामाजी ते ताक शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. आणि पुढं ते होते तोवर त्यांच्या ताकात मीठ पडत राहिलं. मामाजींनी कधी नको म्हटलं नाही, आत्याबाईंनी कधी विचारलं नाही. मीही कधी नव्हे ते तोंड बंद ठेवलं.

आता आमच्या गावात नजर जाईल तिकडं सोयाबीन आहे. ढेपेची पोती दुकानादुकानांत रचलेली असतात, ती बहुतेक कोंबड्यांसाठी जातात. म्हशी थोड्या उरल्या, ताकाला कुणी येत नाही. मीही दूध विकतच घेते.

गोठ्यात म्हैस होती तेव्हाची गोष्ट, मामाजी गेले त्यानंतर बऱ्याच दिवसांनी आत्याबाईंनी पुन्हा ताक केलं. त्या म्हशीच्या पोटची म्हैस होती ती. गल्लीला वाटून झालं आणि त्यांनी सवयीनं ते फुलपात्र भरलं. मग त्यांच्या लक्षात आलं, आणि ते फुलपात्र त्यांच्या हातातच राहिलं. मला काय करावं सुचेना, म्हणून मी मिठाची बरणी पुढं सरकवली. त्यांनी ती हातानं बाजूला केली.

"राहू दे," त्या म्हणाल्या, "त्याईले बिनमिठाचंच आवडे." आणि ते ताक त्या स्वतः हळूहळू प्यायल्या.