बोहारणीला दिलेली साडी

माझे वडील, अण्णा, जाईपर्यंत त्यांना हे सांगितलं नाही, आणि आता आत्याही गेली. म्हणजे ज्यांना सांगायला हवं होतं ती दोन्ही माणसं संपल्यावर मी लिहायला बसले आहे — यावरूनच तुम्हाला माझा अंदाज यावा. आजवर कुणापाशीही बोललेले नाही. तुमच्याशी माझी मैत्री आहे असं समजून सांगते. ऐकून झाल्यावर ती उरेल असं समजत नाही.

महिन्यापूर्वी रामकुंडावर आत्याचा दहावा झाला. पिंड ठेवले आणि मी मागे सरकले. कावळा शिवणार नाही, गुरुजी विचारतील, ‘बाईंची काही इच्छा राहिली होती का?’ — आणि सगळे माझ्याकडे बघतील, अशी भीती होती. कावळा लगेच आला. एक नाही, दोन. चुलतभाऊ म्हणाला, ‘समाधानानं गेली हो.’ बायका म्हणाल्या, भाची असावी तर अशी. मी मान खाली घातली. लोकांना ते दुःख वाटलं. दुःख होतंच — पण मान त्यासाठी खाली नव्हती.

नव्वदीच्या त्या वर्षांत टीव्हीवर गुन्ह्यांच्या मालिका लागायच्या. कुणाला तरी पैशांची बॅग सापडायची, मित्र मित्राच्या जिवावर उठायचा, शेवटी पोलीस यायचे. आत्या भाजी निवडता निवडता बघायची आणि म्हणायची, ‘सापडलेला पैसा पचत नाय.’ खोटं आहे. मला पचला. तेच तर सांगायचं आहे.

आत्या सायखेड्याची. मूलबाळ नव्हतं. नवरा गेल्यावर तिने मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक केला, आणि हात थकले तेव्हा एक ट्रंक घेऊन पंचवटीत आमच्याकडे आली. आईमागे माझं सगळं तिनेच केलं — पण हे कशाला सांगते आहे? तुम्हाला माझा जास्त राग यावा म्हणून, की मुद्द्यावर यायला अजून थोडा वेळ लागावा म्हणून?

मार्चमधली गोष्ट. ट्रंकेतल्या कपड्यांना ऊन दाखवायला तिने मलाच सांगितलं. तळाशी एक विटकी हिरवी नऊवारी होती. उलगडताना काठापाशी काहीतरी करकरलं. आतून कापडाची पट्टी लावून शिवलेली होती. चार टाके उसवले — नोटा. पैसे कशाचे ते मला ठाऊक होतं. ‘मी गेल्यावर माझ्या दिवसांचा खर्च भावावर नको,’ असं ती नेहमी म्हणायची. कुठे ठेवलेत, तेवढंच ठाऊक नव्हतं.

मला गरज नव्हती. कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी होती, घरात आजारपण नव्हतं, कुणाचं देणं नव्हतं. मला मोपेड हवी होती. बस. माझ्या मैत्रिणींतल्या तिघींकडे होती आणि मी बसच्या रांगेत उभी राहायचे.

रिकामी साडी परत ठेवली असती तर चोर घरातलाच ठरला असता. म्हणून मी डोकं चालवलं. आमच्या गल्लीत दर मंगळवारी शेवंता बोहारीण यायची — जुने कपडे घ्यायची, बदल्यात स्टीलची भांडी द्यायची. मी अण्णांच्या दोन पँटी आणि ती साडी तिच्यापुढे टाकली. तिने साडी उन्हात धरली, कुठे विरली ते बघितलं, काठ चाचपले. ‘लय विरलीय ताई, हिच्यात पातेलं नाय बसायचं. डबा घ्या.’ मी हुज्जत घातली. पातेलंच घेतलं. कळतंय का तुम्हाला — त्या दिवशीसुद्धा मी हुज्जत घातली.

शनिवारी आत्याने ट्रंक उघडली. मी म्हटलं, अगं, फाटकी म्हणून बोहारणीला दिली, मला काय माहीत? आणि रडले. रडू खरं आलं होतं, भीतीचं.

मंगळवारी शेवंता आली. चोर त्याच गल्लीत, त्याच वारी, तीच आरोळी देत परत येतो का? गल्लीत एकालाही हे सुचलं नाही. मला सुचलं. बायकांनी तिचं गाठोडं रस्त्यावर मोकळं केलं. भांडी गटारीपर्यंत घरंगळत गेली. ‘यांची जातच तसली,’ शेजारच्या काकू म्हणाल्या, आणि मी — जिच्या कपाटात समतेवरची पुस्तकं होती — दारात गप्प उभी. शेवंता सांगत होती, ‘आजी, गठ्ठ्यात बांधली तशी इकली मी. घडी पन नाय मोडली.’ काकू माझ्याकडे वळल्या. ‘तू होतीस ना गं? काठ चाचपत होती का ही?’

मी म्हटलं, ‘हो. चाचपत होती.’

वाक्य खरं होतं. सगळ्याच बोहारणी कापड चाचपतात, तो त्यांचा धंदाच आहे. एक शब्द खोटा नाही. आणि आत्याने — जी तिला दर मंगळवारी चहा पाजायची — तिच्या थोबाडीत मारली.

सहा महिन्यांनी मोपेड आली. पगारातून पैसे साठवले, असं सांगितलं. आत्याने हँडलला हार घातला. डोळ्यांच्या डॉक्टरकडे तिला त्याच मोपेडवर न्यायचे. मागे बसून माझा खांदा धरायची आणि ओळखीचं कुणी भेटलं की सांगायची, ‘भाचीनं स्वतःच्या हिमतीवर घेतली.’ मला त्या वेळी झोप लागायची, जेवण जायचं. बदललं ते एवढंच, की कामवाली गेली की मी कपाट तपासायचे, ग्रंथालयातल्या शिपायाची पिशवी रोज उघडायला लावायचे. माणूस कसा घेतो आणि मग कुणाच्या अंगावर ढकलतो, हे मला आतून माहीत होतं ना.

आठ-नऊ वर्षांनी सीबीएसच्या एसटी स्टँडवर, दिंडोरीच्या गाडीपाशी, एका बाईने हाक मारली. शेवंता. धंदा सुटला होता. एका गल्लीतली बातमी दुसरीत जायला वेळ तो काय लागतो? आता द्राक्षांच्या बागेत मजुरीला जायची. मला वाटलं, शिव्या देईल. तिने विचारलं, ‘आजी हायेत का?’

‘आहेत.’

‘मंग येवढं सांगा त्यास्नी. मारलं त्याचं काय नाय. पन घरच्या कपात चहा द्यायच्या मला, येगळा कप नाय ठेवला कधी. त्यांच्या मनात मी चोर म्हनून नको राह्यला.’

तिचा माझ्यावर संशयही नव्हता. मी म्हटलं, ‘सांगते.’ गाडीत चढल्यावर खिडकीतून ती पुन्हा म्हणाली, ‘सांगा बरं का, ताई.’

घरी आले. आत्या मटार सोलत होती. मी शेजारी बसून सोलू लागले. नाही सांगितलं. त्या दिवशी नाही, त्यानंतरच्या पाच वर्षांत नाही.

शेवटच्या आजारात तिला पूर्ण शुद्ध होती. एका दुपारी मी पेज भरवत होते. मध्येच ती म्हणाली, ‘त्या बोहारणीला मी मारायला नको होतं गं.’ मी पुढचा चमचा भरला. मग तिने विचारलं, ‘पण घेतले तिनंच ना? तू होतीस तिथं.’

‘हो आत्या,’ मी म्हटलं. ‘तिनेच.’

या वेळी वाक्यही खरं नव्हतं.

त्यानंतर ती सहा दिवस जगली. तिला ऐकू येत होतं, माणसं ओळखत होती. दुपारी घरात आम्ही दोघीच असायचो.