आठशे शब्दांची अट

चार माणसं एका खोलीत दिवसभर बसली की किस्से आपोआप होतात. आमच्या ऑफिसात ते धुळीसारखे साचतात, कोणी झटकतच नाही. आता तुम्ही चहा पाजलाच आहे, तर त्या शब्द मोजणाऱ्या टूलचे सांगतो. बाकीचे राहू द्या.

ऑफिस अमरावतीत, राजापेठला, गिला वड्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. मालक गावंडे सर, ऑडिओचं पाहणारे शकीलभाई, अकोल्याची पल्लवी आणि मी. लोकांना मजकूर लिहून द्यायचा, हा धंदा. वेबसाइट, जाहिरात, भाषण, जे म्हणाल ते. आणि प्रत्येकाला मोजून पाहिजे! म्हणून सरांच्या स्क्रीनवर एक फुकटची साइट कायम उघडी. पांढऱ्या चौकटीत मजकूर टाकायचा, खाली येतं: शब्द इतके, अक्षरं इतकी, बोलायला इतकी मिनिटं. सरांचा त्या चौकटीवर जेवढा विश्वास आहे, तेवढा आमच्यापैकी कोणावरच नाही.

* * *

सरांच्या पुतणीचं लग्न निघालं. मोबाइलवर पाठवायची पत्रिका सरांनीच केली. त्या डिझाइनमध्ये अक्षरांना जागा ठरलेली. आणि आपल्याकडची पत्रिका म्हणजे काय, तुम्हाला सांगायला नको. विनीत, निमंत्रक, मामाकडचे, आत्याकडचे, खाली लहान पोट्ट्यांचं ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं’. चौकटीतला आकडा काही खाली येईना. शेवटी सरांनी बाळापूरच्या चुलतकाकांचं नाव उडवलं. नाव लांबलचक होतं, एका फटक्यात काम झालं.

काका एसटीनं आले, थेट ऑफिसात. सरांनी खुर्ची दिली, ते बसले नाहीत. सर समजावून राहिले की काका, मी नाही काढलं हो, ते टूलमध्ये मावत नव्हतं. काकांनी स्क्रीनकडे पाहिलं, मग सरांकडे.

“मंग त्यालेच उभं कर अंतरपाट धराले.”

पत्रिका परत निघाली. काकांचं नाव सगळ्यात वर, आणि कात्री नवरदेवाच्या शिक्षणाला!

* * *

शकीलभाईंना लिहिण्याचा भयंकर कंटाळा. पण एकदा मी आणि पल्लवी दोघंही सुट्टीवर, आणि पाण्याच्या टाक्या साफ करणाऱ्या एका माणसाला त्याच्या वेबसाइटसाठी लेख पाहिजे. मोठा पाहिजे, असा हट्ट. आता टाकी साफ करण्यावर किती लिहिणार? शकीलभाईंनी अर्ध्यातच हात टेकले आणि शेवटचा पॅरा कॉपी करून खाली अजून तीनदा चिकटवला. टूल खूश, सर खूश, लेख गेला.

आल्यावर मी तो लेख वाचला. म्हटलं, भाई, हे काय करून ठेवलं? तेवढ्यात त्या माणसाचा फोन आलाच. भाईंनी स्पीकरवर टाकला. तो म्हणत होता की आजवर चार जणांकडून लिहून घेतलं, पण मुद्दा असा ठासून कोणीच सांगितला नाही.

* * *

आता पल्लवीचं. हे जरा नीट ऐका, कारण इथं पणाला काही लागलं होतं.

पुण्याच्या एका ऑडिओ ॲपला वऱ्हाडीतल्या गोष्टींची मालिका करायची होती. पल्लवी लिहिते झकास आणि वाचते त्याहून झकास, म्हणून सरांनी तिचं नाव पुढं केलं. तिकडच्या केतकी मॅडमनी सांगितलं, आधी दोन गोष्टी नमुन्याला द्या. प्रत्येकी आठशे शब्द, कमी नको, जास्त नको. जमलं तर मालिका पल्लवीच्या आवाजात. नाही जमलं तर त्यांच्याकडे एक नट तयार आहे, तो वऱ्हाडी ‘फार छान काढतो’.

त्या नटाचं सँपल आम्हाला ऐकायला मिळालं. प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘बे’ लावला की झाली वऱ्हाडी, एवढंच त्याला ठाऊक. गोष्टीत तो स्वतःच्या आजोबाले म्हणून राहिला, “जेवला काय बे?”

पल्लवीनं हेडफोन काढून ठेवला. म्हणाली, “हा आमच्या घरी असा बोलला असता ना, तर याले जेवण नसतं भेटलं.”

त्या दिवसापासून तिनं मनावरच घेतलं. वऱ्हाडी ऐकवायची तर घरात बोलतात ती, नाहीतर कोणाचीच नाही.

* * *

पहिली गोष्ट तिनं बरोबर आठशेत बसवली. रेकॉर्ड केली, पाठवली. मॅडमचा फोन. टूलवर टाकून पाहिलं तर बोलायला सहा मिनिटं दाखवतंय, तुमची फाइल चारचीच कशी? काही गाळलं का?

पल्लवी म्हणाली, एक शब्द गाळला नाही, आमी असंच बोलतो. मॅडम प्रेमानं म्हणाल्या की थोडं थांबत थांबत बोल, श्रोत्यांना दम घेऊ दे.

“मॅडम,” पल्लवी म्हणाली, “आमच्या अकोल्याचं ऊन पाहिलं काय तुमी? रस्त्यात कोणी भेटलं तर जे सांगाचं ते सावलीत पोचाच्या आत सांगा लागते.”

तिकडे मॅडम जोरात हसल्या. पहिली गोष्ट पास!

* * *

गाडी अडली दुसऱ्या गोष्टीवर. ती पल्लवीच्या मावशीची होती. मावशी नांदगाव पेठला कपड्याच्या कारखान्यात मशीनवर आहे, पल्लवी तिच्याकडेच राहते. गोष्ट साधी. नवीन सुपरवायझर येतो, बायकांचे स्टूल उचलून नेतो, उभ्यानं काम जास्त होते म्हणतो. मावशी मशीन बंद करते आणि खाली फरशीवर बसते. तो म्हणतो, उठ. ती म्हणते, नाही. मग बाजूची बसते, मग तिच्या बाजूची, मग पूर्ण लाइन. संध्याकाळी स्टूल परत. संपली गोष्ट.

टूलवर टाकलं, पाचशे चाळीस.

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. तशीच पाठवली, तर मॅडमनी गोष्ट स्वतःच वाढवून परत पाठवली. मावशी बसायच्या आधी तिच्या डोळ्यांत ढग दाटले, गावाकडची वाट आठवली, हातावरच्या रेषांकडे बघत ती गहिवरली. बरोबर आठशे!

पल्लवीनं ते वाचलं आणि रेकॉर्डिंगला नाही म्हणून सांगितलं. सर हात जोडायचे बाकी होते. अगं, त्या पोट्ट्याकडे जाईल मालिका, तो तुझ्या मावशीलेही बे म्हणेल.

“तो उठ म्हणाला, ती नाही म्हणाली,” पल्लवी म्हणाली. “आता याच्या मधात अडीचशे शब्द तिले रडवत ठेवू काय मी? ती रडलीच नाही, सर.”

“दोन-चार ढग तरी ठेव.”

“एकबी नाही.”

शकीलभाईंनी हळूच विचारलं, शेवटचा पॅरा तीनदा टाकू का? पल्लवीनं नुसतं पाहिलं. भाई वायरी गुंडाळायला लागले.

* * *

शेवटी मॅडमनी व्हिडिओ कॉल लावला. त्यांचे वरचे साहेब पण जोडले जाणार होते, निकाल तिथंच लागणार होता. पल्लवीनं काय करावं? मावशीची सुट्टी होती, तिलाच ऑफिसात घेऊन आली. मावशी कोपऱ्यात पायाशी गव्हाचा डबा ठेवून बसली, जाता जाता दळून न्यायचा होता.

कॉल सुरू झाला. साहेबांचा कॅमेरा बंद, नुसता काळा चौकोन. पल्लवीनं पाचशे चाळीस शब्द जसेच्या तसे वाचले. खाली वड्याची कढई चरचरत होती, तेवढाच आवाज. मॅडम म्हणाल्या की गोष्ट छानच आहे, प्रश्नच नाही, पण ऐकणाऱ्याला त्या बाईचं मन दिसत नाही. तिथं भर घातली की आठशे सहज होतील.

“मॅडम, ती बाई इथंच आहे,” पल्लवी म्हणाली. “तुमीच विचारा. ती जेवढं सांगन तेवढं मी घालते. सगळं घालते.”

सरांनी डोळे मिटून घेतले.

मावशीला स्क्रीनसमोर बसवलं. तिनं पदर नीट केला. मॅडमनी नमस्कार केला, अगदी मनापासून विचारलं, “मावशी, तो माणूस समोर उभा होता. नोकरी जाईल ही भीती असेल. घर आठवलं असेल. त्या क्षणी, खाली बसताना, नेमकं काय वाटलं तुम्हाला?”

मावशीनं खरंच विचार केला. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे पाहून राहिलो. शकीलभाईंनी माइक थोडा पुढं सरकवला.

“वाटलं, बसावं,” मावशी म्हणाली.

मॅडम थांबल्या. अजून काही येईल म्हणून वाट पाहत होत्या. मावशी पण वाट पाहत होती, पुढचा प्रश्न येईल म्हणून.

काळ्या चौकोनातून पहिल्यांदाच आवाज आला. साहेब विचारत होते, पुढच्या दहा गोष्टी या पल्लवी कधीपर्यंत देऊ शकतील, आणि लांबीचं त्यांनाच ठरवू द्या.

सर उठून उभेच राहिले.

मावशीनं पल्लवीचा हात हलवला. “झालं ना वं? मंग चाल, गिरणी बंद होते.”