दुसऱ्याच्या घरी वाढलेला मुलगा

कॅनडातल्या हॅलिफॅक्सच्या आमच्या छोट्या मराठी मंडळात महिला दिनाला प्रत्येकीने इतिहासातल्या एका स्त्रीवर दहा मिनिटं बोलायचं ठरलं. जिजाबाई आधीच तिघींनी घेतल्या होत्या. मी लायब्ररीतून मध्ययुगीन इंग्लंडमधल्या एका सरदारघराण्यातल्या बाईचं चरित्र आणलं.

वाचायला वेळ भरपूर होता. नवरा गेल्यावर हॉस्पिटलच्या लॅबमधली नोकरी धरून मी इथे एकटीच आले होते. मुलगा नागपूरला, मोठ्या जाऊबाईंकडे. सहा वर्षांत चार रजा मिळून आम्ही चौऱ्याण्णव दिवस एकत्र होतो.

त्या बाईच्या काळात एकाच राजघराण्याच्या दोन शाखा गादीसाठी लढत होत्या. त्यात ती तेराव्या वर्षी गरोदरपणीच विधवा झाली. पुढे विरुद्ध पक्ष जिंकला आणि त्यांनी तिचा लहान मुलगा आपल्या एका सरदाराकडे ठेवला. नंतर तो चौदा वर्षं परदेशात आश्रयाला होता. त्या सरदाराच्या बायकोने मुलाला नीट वाढवलं, असंही पुस्तकात होतं. ते मी भाषणात घेतलं नाही. वेळेत बसत नाही असं स्वतःला सांगितलं. भाषण साडेआठ मिनिटांत संपलं.

चहाच्या वेळी एका आजींनी विचारलं, "शेवटी भेटला का गं तिला मुलगा?"

"भेटला. राजा होऊन."

"राजा होऊ दे. आईची ओळख राहिली होती का त्याला?"

"ते पुस्तकात नाही."

"आणि तुझा कधी येतोय?"

"जूनमध्ये. कागद झालेत."

"मग तुला कळेलच की."

जूनमध्ये विमानतळावर मी सव्वा तास आधी पोचले. पंधरा वर्षांचा मुलगा माझ्यापेक्षा उंच झाला होता. त्याने वाकून नमस्कार केला, पाहुण्यांना करतात तसा. मी पाठीवर हात ठेवेपर्यंत तो उभाही राहिला होता.

"काकूला फोन करायचाय. पोचल्या पोचल्या कर म्हणालीय."

"तिथे रात्रीचे अडीच वाजलेत."

"जागीच असेल ती."

पहिल्याच घंटीला फोन उचलला गेला. "अगं पोचलो. नाही गं, थंडी नाहीये. रडलीस तर परत येईन हं." तो हसत होता. मी ट्रॉली धरून थोडी लांब उभी राहिले.

मग त्याने फोन माझ्याकडे दिला.

"खोलीत बारीक दिवा ठेव," जाऊबाई म्हणाल्या. "अंधारात झोप येत नाही त्याला. तो सांगायचा नाही."

मला हे माहीत नव्हतं. मी पर्समधून पेन काढलं आणि म्हटलं, "आणखी सांगा."