सिंधूअक्का पुन्हा मशीनपुढे उभी राहिली

सिंधूअक्का गेली.

कमलचा फोन आला तेव्हा आत एक पेशंट गाऊन घालून उभी होती. "अक्का गयी," एवढंच कमल म्हणाली.

मी फोन ठेवला. आत गेले. त्या बाईचे सगळे एक्स-रे काढले. श्वास धरा. सोडा. नेहमीसारखं.

नंतर चहा आला. तो तसाच राहिला.

मी धुळ्यात मॅमोग्राफी टेक्निशियन आहे. अक्का नरडाण्याजवळच्या खेड्यातली. कॅन्सरमुळे तिचा डावा स्तन काढलेला. त्यानंतर दरवर्षी तपासणीला यायची, पण एकटी कधीच नाही. गावातल्या बायांना जीपमध्ये घालून आणायची. कमल तिची धाकटी जाऊ. ती सगळ्यांच्या मागे, तोंडाला पदर लावून.

मॅमोग्राफीत स्तन दोन पट्ट्यांमध्ये दाबावा लागतो. दाबल्यावर जाडी किती, हे मशीन मोजतं आणि त्यावरून एक्स-रे किती सोडायचा ते ठरवतं.

जाडी चुकली की फोटो बिघडतो. बारीकसारीक काही असेल तर दिसत नाही.

एके वर्षी अक्काने आणलेल्या बायांचे फोटो बघून डॉक्टर मॅडमनी मला बोलावलं. "हे इतके खरखरीत का दिसतायत गं?"

आम्ही दोघींनी अ‍ॅक्रिलिकचा ठोकळा मशीनखाली ठेवला. त्याची जाडी आम्हाला माहीत असते. मशीन बरीच कमी दाखवत होतं. आतला सेन्सर सरकला होता.

मॅडमनी तिथल्या तिथे काम थांबवलं. इंजिनिअर आला, मशीन दुरुस्त झालं.

पण त्या सगळ्या बायांना परत बोलवायचं होतं. परत कपडे काढायला. परत दाबून घ्यायला.

मी अक्काला फोन केला. जे झालं ते सांगितलं.

ती मग म्हणाली, "म्हंजे तुनं मशीन खोटं बोलनं?"

"हो अक्का."

"बरं व्हयनं तू सांगं. मी येसू."

गावात सोपं नव्हतं. बाया नकोच म्हणत होत्या. कमलच्या नवऱ्याने तर अडवलंच. पहिलं चुकलं, मग दुसरं बरोबर कशावरून, असं त्याचं म्हणणं.

अक्का त्याला म्हणाली, "चाल मंग. तूच देखी ले."

आणि खरंच त्याला घेऊन आली.

मी त्याच्यासमोर ठोकळा ठेवला, स्क्रीनवरचा आकडा त्यालाच वाचायला लावला. या वेळी बरोबर होता. तो बाहेर जाऊन बाकावर बसला.

मग अक्का सगळ्यांच्या आधी उभी राहिली. हाडकुळी बाई. स्तन पट्ट्यांमध्ये नीट येईना. मी दाब वाढवला तसे तिचे ओठ पांढरे पडले.

"कितलं शे?" तिने विचारलं.

मी जाडी वाचून दाखवली.

"इतलंसं, नि कितला ताप!"

दाराबाहेरच्या बाया हसल्या. मग एकेक करत सगळ्या आत आल्या. कमलही.

कमलच्या फोटोत बारीक पांढरे ठिपके निघाले. आधीच्या फोटोत ते दिसले नव्हते.

बायोप्सी, ऑपरेशन, औषधं. कमल आज बरी आहे.

अक्काचा स्वतःचा फोटो स्वच्छ होता. त्यानंतरचेही स्वच्छच. आजार परतला तो मणक्यात. गेल्या पावसाळ्यापासून ती अंथरुणावर होती.

आज दुपारी बसने गेले. अंगणात पुरुष, आत बाया. तिला न्हाऊ घालायची तयारी चालली होती. मी उंबऱ्याशीच थांबले.

"ताई, मझार या," म्हणत कमलने मला हाताला धरून आत नेलं.

मी अक्काचा खांदा धरला. कमलने छातीवरच्या व्रणावरून हळूहळू पाणी सोडलं. त्या वर्षी परत आलेल्या बाया भोवती होत्या. कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

"पाणी जास्त ऊन शे," कोणीतरी म्हणालं.

कमलने त्यात गार पाणी घातलं. हात बुडवून बघितला. मग पुन्हा ओतायला लागली.

मला अजून रडू आलेलं नाही.

अक्का, जा आता. आम्हा सगळ्या बायांचा तुला शेवटचा नमस्कार.